दोन मिनिटांचं आभाळ

उडण्याच्या खेळाकडून आपण दोनच गोष्टी मागतो: हवा खरी वाटावी, आणि त्या हवेत हवं तेवढं रेंगाळता यावं. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासोबत मार्च २०११मध्ये अमेरिकेत आणि युरोपात ‘पायलटविंग्ज रिसॉर्ट’ आला. त्याने पहिली मागणी इतक्या देखण्या रीतीने पुरवली की दुसरीबाबतचा त्याचा हात आखडता आहे, हे अधिकच जिव्हारी लागतं. खेळ फार लवकर संपतो, अशी तक्रार तेव्हापासून होत आली आहे. ती खोटी नाही, पण तिने दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेलं नाही. या खेळात हवेचे नियम आणि घड्याळाचे नियम यांची गल्लत झाली आहे, आणि खरं दुखणं ते आहे.

हवेचे नियम त्याला पक्के ठाऊक आहेत. विमान, रॉकेट बेल्ट आणि हँग ग्लायडर ही त्याची तीन मुख्य वाहनं, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. रॉकेट बेल्ट पाठीला बांधून झेप घेतली की बटण सोडताक्षणी माणूस थांबत नाही. अंगात भिनलेला वेग त्याला पुढे ओढत नेतो आणि मग गुरुत्वाकर्षण आपली वसुली करायला येतं. चौथऱ्यावर उतरायच्या वेळी इंधन संपत आलेलं असतं, पायांखालचं लक्ष्य मोठं मोठं होत असतं, आणि बटण दाबून धरण्याऐवजी हलक्या टिचक्या देत वेग मारावा लागतो. आपटलं तर गुण गेले, मध्यापासून सरकलं तरी गुण गेले. ग्लायडरला तर इंजिनच नाही. नाक खाली केलं की वेग मिळतो आणि उंची जाते. नाक वर धरून ठेवलं की वेग मरतो. गेलेली उंची परत मिळवायची ती वर चढणाऱ्या हवेच्या झोतात घिरट्या घालून. घारीही ती अशीच कमावतात. इथे धाक आहे, पण तो वाहनाच्या आणि हवेच्या पोटातून आलेला आहे. म्हणूनच हरलं तरी राग येत नाही, पुन्हा एकदा उतरून पाहावंसं वाटतं.

या अनुभवात पडद्याचाही मोठा वाटा आहे. १९९०च्या पहिल्या ‘पायलटविंग्ज’ने सपाट चित्र फिरवून आणि लहानमोठं करून जमिनीचा भास उभा केला होता; १९९६च्या ‘पायलटविंग्ज ६४’ने खरीखुरी त्रिमित बेटं रचली. थ्रीडीएसच्या साडेतीन इंची पडद्याने डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळी चित्रं दाखवून, चष्म्याशिवाय, त्यात खोली आणली. हवेत टांगलेलं कडं किती दूर आहे, हे इथे डोळ्यालाच कळतं. त्यासाठी अंदाजाचे ठोकताळे बांधावे लागत नाहीत. उणीव एवढीच की मान जराशी कलली तरी चित्राची दोन चित्रं होतात. वळताना शरीर आपसूक झुकू पाहतं आणि यंत्र त्याला ताठ बसायला लावतं. पण तंत्रज्ञान नवं होतं, तेव्हा एवढं सोसायला हरकत नाही.

घड्याळाचं तसं नाही. नेमून दिलेल्या कामगिऱ्या बाजूला ठेवून नुसतं उडायचं म्हटलं, तर मोकळ्या उड्डाणाला सुरुवातीला मिळतात फक्त दोन मिनिटं. बेटावर विखुरलेल्या वस्तू गोळा कराल तसा हा वेळ वाढतो, म्हणजे रेंगाळण्याची मुभासुद्धा धावपळ करून मिळवायची. आणि बेट तरी कसं? वूहू बेट. ‘वी फिट’ आणि ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’ या आधीच्या खेळांतून आलेलं, ज्वालामुखी, दीपगृह, जुने अवशेष आणि पूल अंगावर मिरवणारं. जुनंच बेट पुन्हा वापरलं, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. ओळखीची जागा वरून पाहण्यात वेगळं सुख असतं. पण ते सुख सावकाश घेण्याचं आहे, आणि ज्वालामुखीला एक संथ फेरी मारून दीपगृहाकडे वळावं तोवर वेळ संपत आलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, हा खिशातला खेळ आहे, प्रवासात चार मिनिटं मिळतात तेव्हा काढायचा. लहान डाव हीच त्याची सोय. डाव लहान असावा हे मान्य, पण तो कधी थांबवायचा हे खेळणाऱ्याने ठरवायचं. झाकण मिटलं की यंत्र निद्रिस्त होतं आणि उघडलं की खेळ होता तिथून पुढे सुरू होतो. ही सोय हाताशी असताना घड्याळाचा पहारा कशाला? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंधन नसेल तर खेळच उरत नाही, पतंग उडतो तो मांज्याच्या ताणावरच. अगदी खरं. पण मांजा हा वाऱ्याशी चाललेल्या झुंजीचाच भाग असतो. शेजारी घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने दोन मिनिटांनी तो कापला, तर त्याला कुणी पतंगाचा नियम म्हणणार नाही. इंधन, उंची, वेग ही बंधनं मांज्याच्या जातीची आहेत. कामगिरीत वेळेलाही गुण असणं समजू शकतं, कारण तिथे आपण परीक्षेलाच बसलेलो असतो. मोकळ्या उड्डाणाला मात्र ही सबब लागू होत नाही.

आणि हे जमण्यासारखं नव्हतं, असंही नाही. ‘पायलटविंग्ज ६४’मध्ये पंख लावून उडणारा पक्षीमानव होता. ते पंख एकदा हाती आले की त्याला ना इंधनाची चिंता, ना वेळेची. बेटांवरून हवं तितकं भटकायचं. ‘रिसॉर्ट’च्या पंधरा वर्षं आधी याच मालिकेला उमगलेली गोष्ट इथे विसरली गेली. इतर उणिवा, म्हणजे मोजक्या कामगिऱ्या आणि सोबत्याबरोबर खेळायची सोय नसणं, भरून काढायला नवी मेहनत लागली असती. ही उणीव भरायला निर्बंध उठवणं पुरेसं होतं. ज्यांनी हवा इतकी खरी घडवली, त्यांनीच ती कुणाला भुलवून ठेवील यावर पुरता विश्वास टाकला नाही. पुढे कुणी उडण्याचा खेळ रचणार असेल, तर त्याने हा खेळ जरूर अभ्यासावा: उतरणं अवघड कसं करावं हे त्याच्याकडून शिकावं, आणि उडणं मात्र खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडावं.