खारपाणपट्ट्यातला पिवळा वेलगुलाब

शेगावच्या रेल्वेस्थानकावर उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांची पावले श्रीगजानन महाराजांच्या मंदिराकडे वळतात. आमची वाट त्या दिवशी उत्तरेकडे होती. आश्विन अर्धा सरला होता. सोयाबीन निघून वावरे रिकामी झाली होती आणि कपाशीची बोंडे उमलू लागली होती. खिरोड्याजवळ पूर्णेचा पूल ओलांडला की क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. तिच्याकडे पाहत आणखी थोडे अंतर कापले की संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल येते. बाजारपेठेचे, वर्दळीचे, चारी दिशांच्या वाटा जिथे मिळतात असे हे गाव.

या प्रदेशाची खरी ओळख मात्र रस्त्यावरून होत नाही. ती पाण्याच्या पहिल्या घोटाला होते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाच्या जाड थरांत क्षार अडकून राहिले आहेत. माती चिकट, निचरा मंद; त्यामुळे विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी मचूळ लागते. जमीन काळीभोर, वर हिरवे पीक आणि खाली खारट पाणी, असा हा विरोधाभास आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवरील धरणाचे गोडे पाणी नळाने गावोगाव पोहोचवण्याची योजना म्हणूनच येथे केवळ सोयीची गोष्ट नाही, ती आरोग्याची गोष्ट आहे.

अंगणापर्यंतचे अंतर

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तेथील आजींनी ऐंशी ओलांडली होती. वर्षभरापूर्वी मोरीत पाय घसरून त्या पडल्या. हाड मोडले नाही, पण मनात भीती बसली. तेव्हापासून खाट आणि देवघर एवढेच त्यांचे जग उरले होते. “जेवणाची चव गेली म्हणतात. फोडणीचा वासही येत नाही म्हणतात. अंगणात चला म्हटलं तर, काय ठेवलंय अंगणात, असं विचारतात,” त्यांच्या सूनबाई सांगत होत्या.

अंगणात एकेकाळी काय होते, हे आजींनीच सांगितले. माहेरच्या ओसरीवर पिवळ्या गुलाबाचा वेल होता. सकाळी दार उघडले की त्याचा वास घरात येई. येथे दोनदा तसा वेल लावून पाहिला. दोन्ही वेळा पाने कडेने करपत गेली आणि झाड वाळले. “पानीच खारं हाय बाप्पा, त्याले गुलाब तरी काय करीन?” असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

आजींचे निदान बरोबर होते. गुलाब हे क्षार सहन न करणारे झाड आहे. खारे पाणी दिले की पानांच्या कडा तपकिरी होतात, मातीवर पांढरट पापुद्रा धरतो आणि मुळांना ओल असूनही पाणी ओढता येत नाही. पण निदान बरोबर असले म्हणजे इलाज नाही, असे होत नाही.

पिवळ्या रंगाचा प्रवास

वेलगुलाबात पिवळा रंग आणि सुगंध एकत्र येणे ही सहज घडलेली गोष्ट नाही. इराणकडचा जुना पिवळा रानगुलाब रंगाने झळझळीत, पण वासाने नकोसा. सुगंधी पिवळा रंग आला तो चीनमधून. १८२४ मध्ये चहाच्या पानांसारखा मंद वास असलेला एक फिकट पिवळा गुलाब चीनमधून इंग्लंडला नेण्यात आला. अशा ‘टी’ गुलाबांच्या संकरातून युरोपात पिवळे वेलगुलाब तयार झाले. त्यांतला सर्वांत नावाजलेला ‘मार्शल नील’ हा १८६४ मध्ये फ्रान्समध्ये प्रसृत झाला आणि एका फ्रेंच सेनानीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे भारतातील बागांतही तो रुजला.

या घराण्याचे एक मूळ आपल्याकडेही आहे. टी गुलाबांचा पूर्वज मानला जाणारा, मोठ्या फिकट फुलांचा उंच चढणारा रानगुलाब मणिपूरच्या डोंगरांत आढळतो. १८८२ मध्ये जॉर्ज वॅट यांनी तेथे त्याची नोंद केली. थंडीने गारठणाऱ्या देशांत ‘मार्शल नील’ काचघरात जपावा लागतो. आपल्या उन्हाळ्यापुढे मात्र तो, पाणी आणि दुपारची सावली मिळाल्यास, तग धरतो.

त्याचा आणखी एक गुण वृद्धांच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्याच्या फुलांचा देठ नाजूक असल्याने फूल खाली मान घालते. हा दोष मानला जाई. पण वेल कमानीवर किंवा ओसरीच्या मांडवावर चढवला, की खाली खुर्चीत बसलेल्या माणसाकडे फुले तोंड करतात. वाकावे लागत नाही, टाचा उंचावाव्या लागत नाहीत.

‘मार्शल नील’ न मिळाल्यास ‘गोल्डन शॉवर्स’ हा १९५६ सालचा अमेरिकन वेलगुलाब लावता येतो. त्याचा वास सौम्य आहे, पण तो पुन्हा पुन्हा फुलतो. रोपवाटिकेत नावावर विसंबू नये. झाड फुलावर असताना जावे आणि स्वतःच्या नाकाने वास घेऊनच रोप निवडावे. डोळा भरलेला सांधा घट्ट आहे ना, तेही पाहावे.

छतावरचे गोडे पाणी

खारपाणपट्ट्यातील घराला गोडे पाणी वर्षातून चार महिने आकाशातून मिळते. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ५० चौरस मीटरच्या छतावर ३० मिलिमीटरची एक चांगली सर आली आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी १,२०० लिटर पाणी हाती येते. म्हणजे हजार लिटरची टाकी एका सरीत भरते.

वेलाची गरज किती? थंडीच्या सुमारे १७ आठवड्यांत आठवड्याला २० लिटर, आणि मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतच्या १५ आठवड्यांत आठवड्याला ४५ लिटर धरले, तर एकूण गरज हजार लिटरच्या आसपास जाते. एक सर, एक टाकी, एक वेल. पावसाळ्यातील पहिल्या एकदोन सरींचे पाणी छत धुण्यासाठी सोडून द्यावे. टाकी झाकलेली असावी, तिच्या तोंडाला बारीक जाळी असावी. उघड्या टाकीत डास होतात आणि गुलाबापायी डेंग्यू घरात आणण्यात शहाणपण नाही.

येथे एक सावधगिरी. अनेक घरांत आता आरओ यंत्रे आहेत. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्याहून अधिक खारट असते. ते वाया जाऊ नये म्हणून झाडांना घातले जाते. गुलाबाला ते कधीही घालू नये. लादी पुसण्यास किंवा शौचालयासाठी ते वापरावे.

लागवड

• चिकट काळ्या मातीत थेट खड्डा न करता दोन फूट खोलीचे पिंप किंवा उंच वाफा घ्यावा. तळाला भोके आणि त्यावर विटांचे तुकडे असावेत. काळी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड रेती समप्रमाणात मिसळावी.

• जागा पूर्वेची निवडावी. सकाळचे पाचसहा तास ऊन मिळावे आणि पारा ४५ अंशांकडे झुकू लागतो त्या दिवसांत दुपारची सावली मिळावी.

• सप्टेंबर-ऑक्टोबर हा लागवडीचा चांगला काळ. बुंध्याभोवती सोयाबीनच्या कुटाराचा तीन बोटे थर द्यावा; ओल टिकते आणि जमिनीतील क्षार वर येण्याचे प्रमाण कमी होते.

• बुंध्याजवळ एक कच्चा माठ गळ्यापर्यंत पुरावा व त्यात पाणी भरावे. ते हळूहळू झिरपते. रोज बादली उचलण्याचा त्रास वाचतो.

• जोमदार फांद्या सरळ वर जाऊ न देता आडव्या वाकवून बांधाव्यात. आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून फूट येते आणि त्या फुटींवर फुले धरतात. सांध्याखालून येणारी जंगली फूट मात्र लगेच काढावी.

• ‘मार्शल नील’ जुन्या फांद्यांवर फुलतो. इतर गुलाबांप्रमाणे ऑक्टोबरमध्ये त्याची कडक छाटणी करू नये. बहर संपल्यावर वाळलेले आणि दुबळे तेवढे काढावे.

• मावा किंवा फुलकिडे दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. फवारणी घरातील तरुणाने करावी.

काटे, पाठ आणि गोळ्या

वृद्धांनी गुलाबाजवळ जाताना जाड हातमोजे, पुऱ्या बाह्या आणि न घसरणारी पादत्राणे घालावीत. मधुमेह असलेल्यांना किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना छोटा ओरखडाही महागात पडू शकतो. काटा बोचल्यास जागा साबणाने धुवावी; लाली पसरली, गाठ उठली किंवा जखम आठवड्यात भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतलेली आहे का, हेही पाहून ठेवावे. काम बसून करावे, एका वेळी वीस मिनिटांहून अधिक नको. हातात दोन लिटरची झारी पुरे.

बागकामानंतर पाठ दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय सर्वत्रच घातक आहे. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता गावोगाव ऐकू येते, आणि अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. तेथे ही सवय अधिकच टाळावी. पिण्याच्या पाण्याबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा: खारे पाणी उकळल्याने गोडे होत नाही. उकळल्याने जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत चालवून घेतले जातात. घरच्या पाण्याची तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कोणते पाणी आणि दिवसाला किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

वासाची तालीम

आजींना फोडणीचा वास येत नव्हता, ही तक्रार घरच्यांनी वयावर सोडून दिली होती. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते हे खरे. पण जुनी सर्दी, तंबाखू, काही औषधे हीही कारणे असतात. कधी कंपवात किंवा स्मृतिभ्रंशाच्या आरंभीचे ते लक्षण असू शकते. म्हणून ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावीच. शिवाय वास न येणाऱ्या माणसाला गॅसची गळती किंवा विटलेले अन्न कळत नाही. काळजी घेणाऱ्यांनी हे सतत ध्यानात ठेवावे.

मंदावलेल्या घ्राणशक्तीसाठी एक साधी तालीम आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिच्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, लक्षपूर्वक घ्यायचे, असे १२ आठवडे. काहींची घ्राणशक्ती त्यामुळे सुधारली. सर्वांची सुधारतेच असे नाही. मात्र चारही वस्तू आपल्या घरी असतात आणि त्यात अपाय नाही. दमेकऱ्यांनी निलगिरी टाळावी.

वरवट बकालच्या त्या घरात टाकी बसली आणि ओसरीच्या पूर्वेला पिंप आले. रोप लहान होते. पहिल्या हिवाळ्यात फुलाचे नाव नव्हते. पण माठातले पाणी पाहायला आजी रोज सकाळी उठू लागल्या, आधी सूनबाईंच्या हाताला धरून, मग काठी टेकत. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस वेलावर सात फुले आली. वास येतो का, असे विचारल्यावर त्यांनी बराच वेळ फूल नाकाशी धरले आणि म्हणाल्या, “थोडासा येते. पन येते.” तो गुलाबाचा होता की माहेरच्या ओसरीचा, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

ज्यांच्या घरी अशी खाटेला खिळू पाहणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी गुलाबच लावला पाहिजे असे नाही. मोगरा किंवा निशिगंधही चालेल. झाड मात्र त्यांच्या आवडीचे असावे, त्याच्याकडे जाणारी वाट कोरडी आणि सपाट असावी, धरायला एक कठडा असावा आणि पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. मदतीच्या घाईत ते काम आपण करून टाकू नये. पावसाळ्याआधी छताची पन्हाळ दुरुस्त करून घ्यावी; वेल लावण्याची खरी सुरुवात तेथूनच होते.