लिस्बनहून वसईला

परदेशातून परतलेलं माणूस पहिले काही दिवस घरात असह्य असतं. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर त्याला धूळ दिसते, हॉर्न ऐकू येतात, आपल्या गल्लीत फुटपाथच नाही याचा साक्षात्कार होतो आणि जे वर्षानुवर्षं अंगवळणी पडलं होतं त्यावर ते घरच्यांना भाषणं देऊ लागतं. मीही दिली. सोबत बुचाच्या पर्सा वाटल्या. पोर्तुगालात बुचाची झाडं पुष्कळ, त्यामुळे तिथे पर्सच काय, टोप्यासुद्धा बुचाच्या मिळतात. शेजारच्या काकूंनी पर्स उलटसुलट करून पाहिली आणि "हलकी आहे गं" एवढाच अभिप्राय दिला. भाषणांचा भर ओसरल्यावर मात्र मनात एकच गोष्ट घोळत राहिली. एवढ्या लांब जाऊन मी जे शोधत होते ते तिथे नव्हतं. ते नसणंच मी पाहून आले होते.

या प्रवासाचं मूळ मेणवलीत. वाईजवळ नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा देखणा घाट आहे. 'स्वदेस' सिनेमा पाहिलेल्यांना तो ओळखू येईल. घाटावरच्या एका छोट्या देवळीत भली थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ हे साल. आमच्याबरोबर इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. ते सहज बोलून गेले, "ही घंटा निम्मी गोष्ट सांगते. उरलेली निम्मी पोर्तुगालात आहे. जमलं तर बघून या." सर अशी वाक्यं रोज टाकतात. त्यातलं एक मी मनावर घेतलं.

निम्मी गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. तटाखाली सुरुंग लावले, बुरूज उडवला, मराठ्यांची माणसं शेकड्यांनी पडली, तरी हल्ला थांबला नाही. शेवटी पोर्तुगीजांनी तह केला. शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिलं, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. त्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा पुढे देवळांत गेल्या. मेणवलीची एक, भीमाशंकरची एक, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची एक. वज्रेश्वरीचं देऊळही अप्पांनी याच विजयाच्या नवसापोटी बांधलं. पण हरणाऱ्याच्या घरी त्या काळात काय चाललं होतं, हे आपण कधी विचारत नाही.

लिस्बनमध्ये आमचा मुक्काम आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत. जाहिरातीत 'किल्ल्याच्या सावलीत' असं म्हटलं होतं. सावली होती, लिफ्ट नव्हती. जिना इतका अरुंद की बॅग आडवी धरली तर माणूस अडकायचा. सकाळच्या चहाला कोमट पाणी आणि दोरा लावलेली पुडी मिळे. घरमालकीण प्रेमळ होती, पण तिच्या मते चहा हे आजारी माणसाचं पेय. या गावात कॉफी पिणाराच सुखी. पिवळ्या ट्राममध्ये लोंबकळलो, बेलेंची कस्टर्डची टार्टं खाल्ली, बेलेंचा मनोरा बाहेरूनच पाहिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं जे आहे ते इतरांनी लिहिलेलं आहे.

जेरोनिमुश मठात मात्र रेंगाळले. १५०१ च्या सुमारास हे बांधकाम सुरू झालं आणि त्याला पैसा पुरवला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराने. दगडात दोरखंड कोरलेत, समुद्री वेली कोरल्यात. खांबाला हात लावला की मलबारची मिरी आठवावी, असं ते ऐश्वर्य आहे. आत शिरताच वास्को द गामाची समाधी. गामा तिसऱ्या खेपेला हिंदुस्थानात आला आणि १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला. त्याच्या अस्थी मायदेशी आल्या त्या १५३९ मध्ये, आणि या मठात त्यांना जागा मिळाली १८८० मध्ये. घरी पोहोचायला काही माणसांना फार वेळ लागतो.

जवळच नदीकाठी दर्यावर्दींचं प्रचंड स्मारक आहे, १९६० चं. जहाजाच्या नाळेसारखा आकार, त्यावर रांगेने उभे असलेले राजे, खलाशी, धर्मगुरू. समोरच्या चौकात संगमरवरात जगाचा नकाशा कोरला आहे आणि पोर्तुगीज जहाजं कुठे कधी पोहोचली त्याची सालं घातली आहेत. पर्यटक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढतात. आम्हीही हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उभे राहिलो. तेव्हा लक्षात आलं की इथे पोहोचल्याची सालं आहेत, गमावल्याची नाहीत. आमच्या वाटाड्याला मी वसईबद्दल विचारलं. त्याला गोवा माहीत होतं, दीव माहीत होतं. वसईचं नाव त्याने दोनदा उच्चारून घेतलं आणि लगेच पुढच्या गटाच्या छत्रीकडे बघू लागला.

मुंबईचा दुवा सापडला साव व्हिसेंत द फोराच्या मठात. तिथे ब्रागांझा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यांत कॅथरीनही आहे. १६६१ च्या करारान्वये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि मुंबई बेट इंग्रजांकडे गेलं, हे आपल्याला ठाऊक असतं. ती परत आली, हे ठाऊक नसतं. नवरा १६८५ मध्ये गेला. तीसेक वर्षं परक्या दरबारात, परक्या पंथात काढून ती १६९३ मध्ये लिस्बनला परतली. तिथे तिने राजवाडा बांधला, आजारी भावाच्या जागी राज्यकारभारही पाहिला आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी ती वारली. इंग्लंडच्या दरबाराला चहाची गोडी लावण्याचं श्रेय तिला देतात. आमच्या घरमालकिणीपर्यंत ती बातमी पोहोचलेली नव्हती.

तिच्या लग्नात मुंबई आंदण दिली, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, जणू लाडक्या लेकीला पाटल्या घातल्या. पण त्या वेळी पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून नुकता सुटला होता, युद्ध चालूच होतं, आणि आशियात डच एकेक ठाणं गिळत होते. इंग्रजांचं आरमार पाठीशी हवं होतं. मुंबई ही त्याची किंमत. गोव्याच्या गव्हर्नराला, अंतोनियो द मेलो ई काश्त्रोला, हे बेट देववेना. त्याने चालढकल केली. ताबा घ्यायला आलेले इंग्रज सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले, त्यांचा प्रमुख शिपमन आणि बहुतेक माणसं तिथेच मेली. अखेर १६६५ मध्ये बेट सोपवल्यावर या गव्हर्नराने राजाला कळवलं की इंग्रज मुंबईत ज्या दिवशी ठाण मांडतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल. राजाने ऐकलं नाही. इंग्लंडच्या राजालाही त्या बेटाचं काही वाटलं नाही. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं.

आणि मग माफ्रा. लिस्बनपासून बसने तासाभराच्या अंतरावर पाचव्या जॉन राजाने उभारलेला हा राजवाडा, मठ आणि चर्च, सगळं एकाच इमारतीत. काम १७१७ मध्ये सुरू झालं. ब्राझीलच्या खाणींतून सोनं येत होतं आणि राजाला रोमची बरोबरी करायची होती. एका वेळी ४५ हजारांपर्यंत मजूर राबत असं सांगतात. जुझे सारामागु या नोबेल मिळालेल्या लेखकाची एक कादंबरी याच मजुरांवर आहे. २२ ऑक्टोबर १७३० रोजी, राजाच्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, चर्चचा अभिषेक झाला. ग्रंथालय डोळे दिपवणारं आहे, त्यात वाळवी-किडे खायला वटवाघळं पाळली आहेत. पण मी आले होते मनोऱ्यांसाठी. दोन्ही मनोऱ्यांत घंटांचे ताफे आहेत. त्या अँटवर्प आणि लिएझच्या ओताऱ्यांकडून मागवलेल्या. दंतकथा अशी की, हा खर्च आपल्या राज्याला झेपेल का, अशी शंका तिकडून आली तेव्हा राजा म्हणाला, इतकं स्वस्त असेल असं वाटलं नव्हतं, दोन पाठवा. आम्ही गेलो त्या दिवशी घंटा वाजवण्याचा कार्यक्रम नव्हता. पायऱ्यांवर बसून मी मुकाट वर बघत राहिले.

बसल्या बसल्या सालं जुळू लागली. नाशिकची घंटा १७२१ ची. म्हणजे कुठल्या तरी चर्चसाठी ती ओतली तेव्हा माफ्राचं काम चौथ्या वर्षात होतं. इकडे घंटांचा दुसरा ताफा आला, आणि त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत तिकडच्या घंटा कृष्णा-गोदावरीच्या काठी निघाल्या. १७३७ मध्ये मराठे साष्टीत घुसले तेव्हा ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधलेला होता. त्याच किल्ल्यात आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. माफ्राला हजारोंनी गवंडी आणि ठाण्याला तट पुरा करायला हात नाहीत! माझ्या मनाने तिथेच निकाल दिला: वसई माफ्रात हरली.

परतल्यावर हा निकाल मी मोठ्या रुबाबात सरांपुढे ठेवला. सर चिडले. "ठाण्याच्या तटाचा खर्च ब्राझीलच्या सोन्यातून व्हायचा नव्हता, तो इकडच्याच वसुलातून व्हायचा होता. आणि मुलुखातल्या लोकांना त्यांनी धर्माच्या नावाने छळलं, म्हणून गंगाजी नाईक अंजूरकरांसारखे लोक पेशव्यांकडे गेले, हे विसरलात का? साष्टीची बखर वाचा जरा. आणि सुरुंग कोणी खणले? राजाने?"

"सुरुंग आपल्या माणसांनी खणले, सर. पण कुमक का आली नाही?"

"उशिरा आली, थोडी आली. समुद्र ओलांडायला महिने लागत, बाई. तुम्ही विमानाने गेलात म्हणून तुम्हाला सोपं वाटतं."

वाद तिथे मिटला नाही आणि अजून मिटलेला नाही. छळाचा मुद्दा मला मान्य आहे. पण राजधानीचं लक्ष दुसरीकडे गेलं की दूरचा प्रांत पोरका होतो, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. सरांनी जाता जाता एक टोला मारला. "तिकडचे वसई विसरले म्हणून एवढ्या हिरमुसलात. आपण वसईतलं काय विसरलो ते पाहिलंत का?"

म्हणून पुढच्याच रविवारी लोकलने वसई रोड आणि तिथून बस. मी या किल्ल्यात आधीही आले होते, पण डबा खायला. आता डोळ्यांपुढे लिस्बन होतं. सेंट जोसेफचा मनोरा, फ्रान्सिस्कन चर्चमधल्या पायाखालच्या थडग्यांच्या शिळा, त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं. सगळं ओळखीचं वाटू लागलं. गोव्याच्या बॉम जेझूच्या दर्शनी भागात इथून नेलेला काळा दगड आहे. इथल्याच गोन्सालो गार्सियाला १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत ठरला. पोर्तुगीज बाप आणि कोकणातली आई असलेला हा वसईकर घरी कधीच परतला नाही. आणि दोन शतकांच्या या सगळ्या उलथापालथीतून काय उरलं म्हणाल, तर मराठीत लिहिणारा ख्रिस्ती समाज. २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच.

किल्ल्यात चिमाजी अप्पांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो असायलाच हवा. भोवती लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी होती, क्रिकेट होतं. मी शोधत होते दुसरी एक खूण. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तैनाती फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. हडपसरला होळकरांनी त्याची फौज उधळल्यावर तो पळत इथे आला होता. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या जागी, त्यांच्याच भावाच्या नातवाने, ६३ वर्षांनी. त्याची खूण मला कुठे दिसली नाही. लिस्बनच्या संगमरवरी नकाशावर मी हसले होते. आपलंही तसंच: जिंकल्याचं साल आहे, गमावल्याचं नाही.

त्या दिवशी तटावर बसून तीन करार एका ओळीत दिसले. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने हुमायूनच्या भीतीने वसई पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालने स्पेन आणि डचांच्या भीतीने मुंबई इंग्रजांना दिली. १८०२ मध्ये बाजीरावाने होळकरांच्या भीतीने स्वातंत्र्यच देऊन टाकलं. दरवेळी घाबरलेल्याने राखणदार शोधला आणि दरवेळी राखणदार मालक झाला. हा धडा ना लिस्बनमध्ये कुणी फलकावर लिहिला आहे, ना वसईत.

लिस्बनला जरूर जा. माफ्रा चुकवू नका. पण परतल्यावर एक रविवार वसईला द्या, शक्यतो हिवाळ्यात, गवत सुकल्यावर. आणि पुरातत्त्व खात्याला एक विनंती: पुतळ्यापासून जवळच १८०२ चा एक साधा फलक लावा. तो वाचून कुणाचाही अभिमान कमी होणार नाही. मुलांना मात्र इतिहास पुरा कळेल.