अब्बांची हेरल्ड

आमच्या घरासमोर लिंबाच्या सावलीत एक जुनी गाडी उभी असते. शिंदखेड्यातली पोरं तिला 'मिस्तरीची गाडी' म्हणतात. ती स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने 1961 पासून ती भारतात बनवली. मूळची विलायतेची, ट्रायम्फ कंपनीची. त्याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 साली 'स्पिटफायर' ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. अब्बा गिऱ्हाइकांना सांगत, "इसकी बहन विलायत में रेस दौडती है." लोक हसत. मलाही ती थापच वाटायची. पुढे कळलं की 1965 च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीत स्पिटफायरने आपल्या गटात बाजी मारली होती. अब्बा खरं बोलत होते, मीच कधी विचारलं नव्हतं.

मुंबई–आग्रा रस्त्यावर नरडाण्याजवळ अब्बांची पत्र्याची शेड होती. तिथं त्यांनी तीस वर्षं ट्रक, जीपा, ॲम्बेसेडर दुरुस्त केल्या. ही हेरल्ड एका डॉक्टरांच्या थकलेल्या बिलापोटी आली. मला ते पान्याला हात लावू देत नसत. "तेरे हाथ कलम के लिए हैं," म्हणायचे. मी शिकलो, बी.एड. झालो, उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागलो. आता कबूल करायला हरकत नाही, मलाही गॅरेजपासून लांबच राहायचं होतं. बी.एड.च्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिथं मी 'व्यापार' लिहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवी बाजू गेली. शेड बंद झाली. धाकटा भाऊ सुरतेला असतो. त्याचं म्हणणं, गाडी भंगारात द्यावी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 साली 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाई, नोंदणी से गाडी चलती क्या?" उत्तर नव्हतं. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. अब्बा खाटेवरून ऐकत होते. रात्री एवढंच म्हणाले, "ईद को दोंडाईचा जाना है. बेटी के घर. इसी में."

मी गाडी सुरू करून पाहिली. इंजिन लागलं, पण क्लचचं पेडल सरळ तळाला गेलं. गिअर टाकताच खरखर. बॉनेट उघडलं. हेरल्डचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढं उलटतं, सगळं इंजिन समोर येतं. पाहिलं तर क्लचच्या डब्यातलं ऑइल तळाशी गेलेलं. शेडमधून आणलेला इंजिन ऑइलचा डबा घरात होता. मी तेच ओतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पेडल दाबलं ते वरच येईना. अब्बांना खुर्चीवर बसवून गाडीजवळ आणलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट डब्यात बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्टरजी, ये क्या डाला?"

त्यांनी मला आयुष्यात प्रथमच 'मास्टरजी' म्हटलं, आणि ते असं.

आपण सगळे त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नसतं. आतले रबरी कप त्या ग्लायकोलच्या द्रवासाठीच घडवलेले असतात. त्यांना इंजिन ऑइल लागलं की ते फुगतात आणि पिस्टन अडकतो. "नाम तेल है, काम तेल का नहीं," अब्बा म्हणाले. विज्ञानाचा शिक्षक मी, आणि नावाला फसलो.

मग आमची शाळा भरली. अब्बा खुर्चीवर, मी जमिनीवर. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर काढला. पुढच्या सीटा आणि गिअरबॉक्सवरचं झाकण काढून खालचा स्लेव्ह सिलिंडर मोकळा केला. लोखंडी नळी स्पिरिटने धुतली, रबरी होज फेकून दिला. स्लेव्हच्या पोकळीत अब्बांनी डाव्या करंगळीचं नख फिरवलं. "यहाँ खड्डा है." मला बॅटरी लावूनही दिसला नव्हता. हा द्रव हवेतला ओलावा ओढतो, ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो, आणि त्या खड्ड्यातून गळती सुरू होते. मूळ दुखणं ते होतं, मी त्यावर दुसरं लादलं. धुळ्याच्या एका लेथवाल्याकडून आत पितळी स्लीव्ह बसवून घेतली. रबरी कप मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला पालथं घातल्यावर मापाने जुळवून मिळाले. पेडलच्या पिनेचं भोक झिजून लांबट झालं होतं, ते भरून पुन्हा पाडलं. द्रव ओतताना अब्बा ओरडले, "रंग पर मत गिरा, खा जाएगा!"

शेवटी हवा काढायची होती. नळीत हवा राहिली तर ती दबते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. या कामाला दोघं लागतात. मी शेजारच्या पोराला हाक मारायला निघालो, तर अब्बा म्हणाले, "मैं किसलिए हूँ?" उजवी बाजू गेलेली, पण क्लच डाव्या पायाचा. त्यांना उचलून स्टिअरिंगसमोर बसवलं. मी खाली आडवा. निपलला प्लॅस्टिकची नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं.

"दबाया."

मी निपल सैल करायचो, बुडबुडे यायचे. निपल घट्ट करून म्हणायचो, "छोडो." मधूनमधून उठून वरचा डबा भरायचा. नऊ वर्षं मी फळ्यावर पास्कलचा नियम काढत आलो होतो. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे मुलांकडून पाठ करून घेत आलो होतो. त्या दुपारी अब्बांच्या पायाचा दाब नळीतून माझ्या बोटांपर्यंत आला. पंधरा-वीस वेळा झाल्यावर बुडबुडे थांबले. वरून आवाज आला, "सख्त हुआ." मला लगेच बाहेर यावंसं वाटेना.

ईदला आम्ही दोंडाईचाला गेलो. गाडी मी चालवली, अब्बा शेजारी बसले. प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय जागच्या जागी दबत होता. बहिणीच्या दारात जावयाला म्हणाले, "मास्टर ने किया." माझ्या इंजिन ऑइलबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

या वर्षी पास्कलचा धडा आला तेव्हा मी तो जुना, गंजलेला सिलिंडर वर्गात नेला. लहान-मोठ्या दोन सिरिंजा सलाईनच्या नळीने जोडून मुलांना दाब दाखवला, मग त्यात हवा सोडून तो कसा हरवतो तेही दाखवलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ये आपने कौन सी किताब से सीखा?"

मी म्हणालो, "किताब से नहीं. मेरे वालिद मिस्तरी हैं."