दुसऱ्यातून तिसऱ्यात

आमची मिनिव्हॅन २००२ची. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या काळातल्या मिनिव्हॅन बाळगणाऱ्यांची रड बऱ्याचदा सारखीच असते. इंजिन ठणठणीत, आणि गिअरबॉक्सने मान टाकलेली.

एडिसनमध्ये मी तेवीस घरी डबे पोचवते. सध्या घर त्यावरच चालतं. त्यामुळे "जुनी झाली, विकून टाक" असं सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, विषय बदलते.

लक्षण असं की, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा उसळतो, पण वेग वाढत नाही. मग मागून कुणी ढकलल्यासारखा झटका. दिवा लागला म्हणून यंत्र जोडलं, तर कोड आला पी ०७३०. म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ताप आहे एवढं कळलं, कशाचा ते नाही.

बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते. त्यांची तीस वर्षं एसटीच्या डेपोत गिअरबॉक्स उतरवण्यात गेलेली. "क्लचच नाही, तर घसरतंय काय गं?"

क्लच असतात, पेडल नसतं. आत तेलात बुडालेल्या चकत्यांच्या थप्प्या असतात. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह तो दाब ज्या थप्पीवर सोडतात ती आवळली जाते आणि तो गिअर लागतो. ओल्डस्मोबिलने १९४०च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक आणलं, तेव्हापासूनची ही युक्ती. म्हणजे तेल इथे नुसतं वंगण नाही, गिअर टाकणारा हातही तेच. दाब कमी पडला की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात, तेल करपतं, आणि करपलेल्या तेलात त्या आणखी घसरतात. त्यातून मिनिव्हॅनचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच आखूड पेटीत कोंबलेले, आणि वर सात माणसांचं ओझं.

बाबांनी डिपस्टिक ओढली, टिश्यूवर पुसली, वास घेतला. "डाळ खाली लागलीय." लाल असायला हवं ते तेल चहाच्या रंगाचं झालं होतं.

मेकॅनिकने गिअरबॉक्स खोलून बांधायचे ३,२०० डॉलर सांगितले. गाडीला कुणी २,५०० देणार नाही. नुसतं तेल बदलायला मात्र तो तयार नव्हता: नवं तेल घातलं की जुना गिअरबॉक्स मरतो म्हणे. ही समजूत बरीच पसरलेली आहे. मला ती उलटी वाटते. बहुतेक लोकांना तेल आठवतंच मुळी शेवटच्या घटकेला. बाबा म्हणाले, "गंगाजळ पाजलं म्हणून म्हातारा गेला, असं म्हणायचं होय?"

मग आम्हीच बदललं, तीनदा, मध्ये थोडी थोडी गाडी चालवून. कारण एका वेळी निम्मंही तेल निघत नाही, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच बसतं. रेडिएटरपुढे जादा कूलर लावला. झटका कमी झाला, गेला नाही. दर महिन्याला दीडशे डॉलर बाजूला टाकते आहे.

टर्नपाइकवर तिला नेत नाही. तिकडची चार घरं सोडावी लागली. त्यातल्या एक आजी अजून फोन करतात, बरी झाली का म्हणून, गाडीबद्दलच विचारतात. उरलेली एकोणीस घरं रूट २७च्या आसपास आहेत. सिग्नल सुटला की मी पाय हलका ठेवते, तिसरा लागू देते, मग दाबते. मागचे हॉर्न वाजवतात. त्यांना काय माहीत, मागे आमटी आहे.