खांबावरची गाडी आणि असल्फ्याचा डोंगर

मेट्रो म्हणजे विकास आणि विकास म्हणजे खांब. हे गणित आम्ही अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर धूळ खात शिकलो. २००६ च्या जूनमध्ये कोनशिला बसली. २००८ ला काम निघालं. गाडी धावली ८ जून २०१४ ला. वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, आणि एकही स्टेशन जमिनीवर नाही. सगळा कारभार खांबावर.

उंचीला माझा विरोध नाही, मित्रांनो. साकीनाक्याला बसमध्ये तासभर उभं राहून ज्याचे पाय सुजलेत, त्याला मेट्रो नको असं कोण सांगणार? गाडी सगळा पल्ला एकवीस-बावीस मिनिटांत मारते. डबा थंड. शेजारच्याची जात विचारून कोणी सरकून बसत नाही. हे थोडं नाही. पण वर जायला जिना आहे आणि जिन्याच्या टोकाला फाटक आहे. पैसे भरल्याशिवाय ते उघडत नाही.

माझी आई चकाल्याला एका ऑफिसात झाडूपोछा करायची. कंत्राटावर. असल्फ्याहून चकाला चौथं स्टेशन. पहिला महिना कुठंही जा, दहा रुपये. तेव्हा आई दोन्ही वेळा ऐटीत गेली. २०१५ च्या जानेवारीत भाडं दहा ते चाळीस झालं. आईनं हिशेब मांडला. म्हणाली, "सकाळी जाईन गाडीनं. उशीर झाला की मुकादम खाडा लावतो. येताना बस हाय की. घरी उशिरा आल्याचा खाडा कोण लावतंय?"

म्हणजे सकाळची वेळ विकत घ्यायची आणि संध्याकाळची फुकट घालवायची. मालकाची वेळ महाग, आपली स्वस्त. मेट्रोचं अर्थशास्त्र मला आईनं असं दोन वाक्यांत शिकवलं.

दुसरी गोष्ट बघण्याची. गाडी वर गेली आणि आमचा डोंगर शहराला दिसायला लागला. इतकी वर्षं डोंगरावर माणसं राहत होती, पण रस्त्यावरून ती कुणाला दिसत नव्हती. आता खिडकीतून पत्रे दिसले, निळी ताडपत्री दिसली. २०१७ च्या डिसेंबरात बाहेरची तरुण पोरंपोरी ब्रश-डबे घेऊन डोंगर चढली. वस्तीतल्यांनीही हात लावला. भिंती पिवळ्या, गुलाबी, निळ्या झाल्या. पेपरांनी इटलीतल्या समुद्रकाठच्या गावाची उपमा दिली. लोक फोटो काढायला आले. पोरं खूष झाली, आम्हीही झालो. पोरांचे हात चांगले होते, यात खोट काढायची नाही.

पण रंग बाहेरच्या भिंतीला लागतो. संडासाची लाईन भिंतीच्या आत-बाहेर कुठंच बसत नाही, ती गल्लीत उभी असते. पाण्याचा हंडा पायऱ्या चढतो तो चढतोच. पाऊस लागला की दरडीच्या भीतीनं अजून झोप येत नाही. गाडीतून डोंगर छान दिसायला लागला, एवढ्यावर महापालिकेचा नळ वर चढत नाही.

आणि जे दिसत नाही ते आणखी एक. २०१२ च्या सप्टेंबरात याच मार्गाच्या बांधकामाचा भाग कोसळला. एक मजूर मेला, बरेच जखमी झाले. बारा स्टेशनांना गावांची, नगरांची, रस्त्यांची नावं आहेत. त्या मजुराचं नाव कुठं आहे?

आता खांब शहरभर झालेत. दहिसरहून अंधेरीकडे येणारे दोन मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पुरे सुरू झाले. बाकीच्यांचं काम चालूच आहे. जिथं आखणी येते तिथं आधी झोपडीच्या दारावर नंबर पडतो. मग मीटिंगा, मग मोर्चे. मोर्चे काढूच. पण त्याआधी नकाशा मागा. घर गेलं तर कुठं देणार, ते लेखी मागा. कामगार बाईला दोन्ही वेळा परवडेल असा पास मागा. आणि एक साधा प्रश्न विचारा: स्टेशनचा जिना कुठं उतरणार? वस्तीच्या तोंडाशी, की समोरच्या मॉलच्या दारात?

जिना एकदा सिमेंटचा झाला की मग अर्ज करून हलत नाही. तो कागदावर पेन्सिलीनं काढलेला असतो, तेव्हाच आपलं माणूस त्या टेबलापाशी उभं पाहिजे.