दाभोळच्या धक्क्यावरून पुढे

आम्ही चौघी एकाच मोहल्ल्यातल्या, रत्नागिरीच्या. धाकटी ५४ वर्षांची, थोरली ६३ची. दोघी बेवा, एकीचे शौहर बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले, आणि एक निवृत्त शिक्षिका, जिनं लग्नच केलं नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही दोन मोटारसायकलींवर रत्नागिरीहून मुरूड-जंजिऱ्याला जाऊन आलो. जाताना किनाऱ्याचा रस्ता, येताना मुंबई-गोवा महामार्ग. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या घरात.

हौस होतीच, पण कारण वेगळं होतं. आम्हाला हजचा अर्ज भरायचा आहे. ४५ वर्षांवरच्या ज्या बायकांच्या मसलकात मुभा आहे, त्यांना २०१८ पासून मेहरमशिवाय चौघींच्या गटानं हजला जाता येऊ लागलं. पुढे एकटीलाही अर्जाची वाट मोकळी झाली, पण आम्हाला चौघींनीच जायचं आहे. चाळीसेक दिवस एकत्र काढायचे. माणसाची पारख सफरीत होते, असं आमचे बुजुर्ग सांगत. तेव्हा म्हटलं, आधी आपलीच पारख करून घ्यावी.

घरी विचारलं तेव्हा थोरलीचा मुलगा म्हणाला, "अम्मी, एसटी आहे ना?" मोहल्ल्यात मेहरमचा प्रश्न निघाला. तो आम्ही उडवून लावला नाही. आलिमांना विचारलं. फर्ज हजची गोष्ट वेगळी आणि सैरसपाट्याची वेगळी, असं त्यांनी समजावलं. शेवटी ठरलं की थोरलीचा मुलगा टेम्पो घेऊन मागून येईल आणि रात्रीचा मुक्काम नातेवाइकांच्याच घरी होईल. मन राखणं म्हणजे हरणं नव्हे.

एक गाडी बुलेट. ती धाकटीच्या मरहूम शौहरची. इद्दत संपून दोन वर्षं झाली तरी ती बाजारापलीकडे कुठे गेली नव्हती, पण मुलांच्या मदतीनं अंगणात बुलेट शिकली. दुसरी गाडी घरातली जुनी, खताची पोती वाहणारी. बुरख्याचा घोळ आणि ओढणी चाकात जाण्याची भीती असते, म्हणून गुडघ्यापर्यंतचा जाड कुर्ता, सलवार आणि हेल्मेटच्या आत घट्ट बांधलेला स्कार्फ असा पोशाख केला. सफरची दुआ पढून फजरनंतर निघालो.

या रस्त्याची गंमत म्हणजे तो मध्येच पाण्यात शिरतो. जयगडहून तवसाळला जायला फेरीबोट, धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट, वेसवीहून बागमांडल्याला आणि शेवटी दिघीहून आगरदांड्याला. शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री आणि राजपुरीची खाडी अशी चार पाणी ओलांडली की जंजिरा समोर येतो. आम्ही कोकणी, शाफई. सफरीत जोहर-असर एकत्र आणि कसर पढण्याची सोय असल्यानं ओढाताण झाली नाही. गुहागरच्या पुढे एका आंब्याच्या सावलीत चटया टाकल्या, नमाज झाल्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट सोडली.

संध्याकाळी दाभोळला पोचलो. आदिलशाहीत हे मोठं बंदर होतं, हजचे यात्रेकरू इथून जहाजात चढत. खाडीकाठी घुमटाची, चार मिनारांची दगडी मशीद आहे. गावकरी सांगतात, विजापूरची आयेशाबीबी हजला निघून इथवर आली, पण समुद्रात चाच्यांचा धोका होता, जाता आलं नाही. मग हजसाठी आणलेला पैसा तिनं या मशिदीला लावला. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. थोरली म्हणाली, "बीबीकडे लवाजमा होता, तरी वाट मिळाली नाही. आपल्याला नुसता फॉर्म भरायचाय." त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या धक्क्यावर परीक्षा झाली. टेम्पोला बोटीत जागा मिळाली नव्हती, तो पलीकडच्या काठावर राहिला होता. ओल्या उतारावर बुलेट घसरली आणि दोघी आडव्या झाल्या. धाकटीचा गुडघा सोलला. मागे बसलेली शिक्षिका उठता उठता म्हणाली, "मी सांगितलं होतं, आधी मला उतरू दे!"

धाकटी रडायला लागली. आम्हाला वाटलं, गुडघ्यासाठी. ती टाकीवरचा पोचा बघत होती. तिचे शौहर दर जुम्याला नमाजेला जाण्याआधी ती टाकी पुसत, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. श्रीवर्धनपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. इथूनच परत फिरावं, असं आमच्यातल्या दोघींच्या तरी मनात आलं.

रात्री शिक्षिकेनं कोमट पाण्यानं जखम धुतली, मलम लावलं आणि म्हणाली, "चूक माझी. न विचारता उतरायला हवं होतं. आणि ते बोलायला नको होतं. माफ कर." सकाळी धाकटीनं किक मारली आणि मागच्या सीटवर हात थापटून तिलाच बोलावलं.

राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्यात गेलो. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी भर समुद्रात राखलेला हा किल्ला. कलाल बांगडी तोफ पाहिली, गोड्या पाण्याचा तलाव पाहिला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं. धाकटी बराच वेळ त्या काठावर बसली. "पुढच्या वेळी याहून लांब," एवढंच म्हणाली.

आता आमचे दोन नियम ठरले आहेत. उतार आला की मागे बसलेलीनं न सांगता उतरायचं, आणि "मी सांगितलं होतं" हे शब्द चौघींपैकी कुणीही काढायचे नाहीत. बुलेटचा पोचा गॅरेजवाला काढून देतो म्हणाला. धाकटीनं नको म्हटलं.

अर्ज चौघींचा एकत्रच भरणार आहोत. वाचकांनी दुआ करावी.