संकल्पाचे दुखणे

चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या व्यवसायात २६ वर्षे घालविल्यावर, ‘मला थेरपीची गरज आहे की लाइफ कोचची?’ हा प्रश्न हल्ली वरचेवर माझ्यापुढे येतो, तेव्हा मला बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची निळ्या पुठ्ठ्याची वही आठवते. पहाटे पाचला उठणे, रोज पाच किलोमीटर चालणे, महिन्याला दोन पुस्तके वाचणे असे संकल्प त्यांनी एका कोचच्या सांगण्यावरून सुवाच्य अक्षरात तीत लिहिले होते, आणि आठ महिन्यांत प्रत्येकापुढे पडलेल्या लाल फुल्या त्यांनी जणू स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून दप्तरी ठेवल्या होत्या. रात्री तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, शनिवारी मुलाशी कॅरम खेळण्यातही गोडी उरलेली नाही, या गोष्टींची विचारपूस त्या आठ महिन्यांत कोणी केलीच नव्हती.

‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून आला, आणि एकोणिसाव्या शतकात विद्यार्थ्यांना परीक्षेच्या पैलतीरी नेणाऱ्या खाजगी शिक्षकास ऑक्सफर्डमध्ये तो लावला गेला. गाडीत बसणाऱ्यास कोठे जायचे ते ठाऊक असते आणि तेथे जावेसे वाटत असते, हे त्या उपमेत गृहीतच आहे. नैराश्याचा आघात मात्र नेमका या ‘वाटण्या’वर होतो. मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी गोष्ट दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ टिकून असेल, आणि तिच्यासोबत झोप, भूक, एकाग्रता हीही बिघडली असतील, तर संकल्पशक्तीच आजारी आहे असे समजून प्रथम निदान करून घ्यावे. थायरॉइडच्या मंद कार्यानेही असेच चित्र दिसू शकते, म्हणून रक्ततपासणीही टाळू नये. मरणाचे विचार येत असतील तर ही निवड करीत बसण्याची वेळच नव्हे. मनोविकारतज्ज्ञाकडे तातडीने जावे, किंवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र विनामूल्य चालणाऱ्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

सनदेचा प्रश्नही गौण नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, व तिची खातरजमा करता येते. लाइफ कोचला अशी कायदेशीर नोंदणी लागत नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघासारख्या संस्थांची प्रमाणपत्रे प्रशिक्षणाचा दाखला देतात, इलाजाचा अधिकार देत नाहीत.

तथापि कोचिंग हा सर्वस्वी थोतांडाचा प्रकार आहे, असे माझे मत मुळीच नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पाळणाघर काढू इच्छिणाऱ्या एका बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा तीन भेटींत मला आढळले ते एवढेच, की त्यांना भीती वाटत होती, आणि ती रास्त होती. झोप, भूक, माणसांची ओढ सारे शाबूत होते. त्यांना वर्षभर बालपणाच्या आठवणी उकरीत बसविणे हा माझ्याकडून अपराध झाला असता. मी त्यांना एका जाणत्या कोचकडे पाठविले. त्या कोचने जागा, भांडवल, तारखा यांचा हिशेब बाईंकडून मांडवून घेतला.

बँकेतल्या गृहस्थांना मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले, आणि माझ्याकडे आम्ही कामांपासूनच आरंभ केला, पण दुखण्याच्या मापाने: पहिल्या आठवड्यात सकाळी खिडकीशी बसून चहा घेणे, एवढेच. उत्साह आल्यावर कृती करायची नसून कृतीमागून उत्साह येऊ द्यायचा असतो, हे त्यांना पटायला वेळ लागला. पाचव्या महिन्यात त्यांनी तीच वही आणली. लाल फुल्यांची पाने तशीच होती; नव्या पानावर ‘शनिवार, कॅरम’ एवढेच लिहिलेले होते, आणि पुढे फुलीसाठी रकाना आखलेला नव्हता.

‘‘मॅडम, आता पुन्हा कोचकडे जाऊ का?’’ त्यांनी विचारले.

‘‘जा,’’ मी म्हटले, ‘‘पण झोप पुन्हा मोडू लागली तर त्यांना ते आधी सांगा.’’